नांतायरचा डबा

साडेपाच महिन्यांत रचनाच्या बाबांनी, कडूबांनी, एकच गोष्ट मागितली, तीही फ्रिजवर लावलेल्या कागदाकडे बोट दाखवून.

"ही खाण कुठी आहे?"

तो कागद म्हणजे एका वायनरीची जाहिरात. रचनाच्या नवऱ्याला, सम्यकला, ऑफिसात कुणीतरी बाटली भेट दिली होती, तिच्या गळ्यात तो अडकवलेला होता. वेल्समधलं नांतायर नावाचं गाव. एकेकाळी सोन्याच्या खाणीसाठी नावाजलेलं, आता सफरचंदं, प्लम आणि द्राक्षांसाठी. डोंगराच्या पोटातले बोगदे बारा महिने गार असतात, म्हणून वाइनची पिंपं तिथे ठेवतात, आणि रविवारी पाहुण्यांना हेल्मेट घालून आत फिरवून आणतात.

"कोळशाची जन्मभर पाहिली," कडूबा म्हणाले. "सोन्याची कशी असते ते पाहू एकडाव."

कडूबांची चौतीस वर्षं चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत गेली होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी नखांच्या कडा अजून काळ्याच होत्या. रचनाने उभ्याउभ्या फोन काढून बुकिंग केलं. त्यांनी चंद्र मागितला असता तरी तिने त्यासाठी कौन्सिलला अर्ज केला असता. कारण गुरुवारी त्यांचं परतीचं विमान होतं, आणि जे बोलण्यासाठी तिने त्यांना इंग्लंडात, रीडिंगला आणलं होतं, ते अजून बोलून झालं नव्हतं.

ते काय, हे आत्ताच सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी रचनाची आई, द्रौपदीबाई, नागपूरच्या हॉस्पिटलात बारा दिवस पडून होती आणि तिथेच गेली. त्या बारा दिवसांत रचनाचा व्हिसा वाढवायचा अर्ज पडून होता. अर्ज पडून असताना देश सोडला की अर्ज बाद. मग नोकरी बाद, सम्यकचा व्हिसा तिच्यावर, म्हणजे तोही बाद, घर बाद. वकिलाने हे दोन मिनिटांत समजावलं. रचना थांबली. आज निकाल येईल, उद्या येईल, असं करत थांबली. आईला अग्नी देताना तिने मोबाइलवर पाहिलं. फोन भावाने, अजयने धरला होता. व्हिसा मंजूर झाल्याचं ईमेल त्यानंतर चौथ्या दिवशी आलं.

कडूबा त्या वेळी फोनवर एवढंच म्हणाले होते, "झालं." त्यानंतर त्या विषयाला त्यांनी जे कुलूप घातलं ते घातलंच. शिव्या घातल्या असत्या तरी पोरीला बरं वाटलं असतं. पण ते चांगले वागत. जेवण झालं की ताट धुऊन ठेवत, जावयाशी क्रिकेट बोलत, आणि रचना जवळ येऊन बसली की उठून खिडकीशी जात. असं चांगलं वागणं सोसायला फार कठीण असतं.

म्हणून ती रविवारची आशा धरून होती. हिवाळ्यासाठी घड्याळं तासाने मागे गेली होती त्याच दिवशी दोघं सकाळी निघाली; सम्यकला ऑफिसचं काम होतं, तो घरीच राहिला. एम-फोर हायवे, मग सेव्हर्न नदीवरचा पूल, मग वेल्सचे अरुंद होत जाणारे रस्ते. चार तास ती मनात एकच वाक्य घोळवत होती. शेवटी गाव तीन मैलांवर असताना तिने ते काढलं.

"बाबा, मी तेव्हा येऊ शकले नाही... ते तुम्हाला अजून लागतं ना?"

कडूबा खिडकीबाहेर बघत होते. "सफरचंदं काय लगडली आहेत पाह्य," ते म्हणाले.

नांतायर दिसायला देखणं होतं. दरीच्या दोन्ही अंगांना फळबागा, वरच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा, आणि मधे खाणीतून काढलेल्या दगडांचे जुने ढिगारे. त्या ढिगाऱ्यांवर मात्र गवतसुद्धा उगवलेलं नव्हतं. द्राक्षं काढून झाली होती आणि त्यांचा चोथा कुठेतरी ओतलेला असावा, कारण सगळ्या दरीला आंबट-गोड वास मारत होता. झाडांखाली पडलेल्या सफरचंदांवर गांधीलमाश्या घोंगावत होत्या. गावात रहदारी नव्हती. जी माणसं दिसली ती म्हातारी होती.

बुकिंग ऐन वेळचं, त्यामुळे अडीचच्या फेरीत एकच जागा मिळाली होती. नऊ माणसं आत नेतात, त्यापेक्षा जास्त नाही. रचनाला त्याचं दुःख नव्हतं; खाणीच्या वसाहतीत वाढलेली असूनही ती कधी खाणीत उतरली नव्हती. ह्यू नावाच्या दाढीवाल्या गाइडने कडूबांना हेल्मेट दिलं. ते घालताना म्हाताऱ्याचा चेहरा एकदम खुलला. पट्टा कसा बांधायचा हे ह्यू सांगायला लागला तेव्हा कडूबांनी तो एका हाताने, न बघता बांधून दाखवला. ह्यू हसला आणि त्याने त्यांना सलाम ठोकला.

"जास्त वाकू नका, कंबर धरेल," रचना म्हणाली.

"मले शिकवते," कडूबा म्हणाले, आणि नऊ माणसांत शेवटचे असे आत गेले. त्यांच्या पाठीवरचा उजेड दहाबारा पावलं दिसला आणि मग दिसेनासा झाला.

बोगद्याच्या तोंडाशी दगडी शेडमध्ये चहाचं काउंटर होतं. तिथली बाई ऐंशीची तरी असेल. हाताची बोटं आल्याच्या तुकड्यांसारखी वाकडी, पण डोळे लख्ख. मिसेस प्रिचर्ड असं नाव गळ्यातल्या बिल्ल्यावर होतं. तिने रचनाला खूण करून बोलावलं आणि पत्र्याचा एक डबा पुढे सरकवला. पावाच्या स्लाइसच्या आकाराचा, जुना, झाकणावर सात आकडा ठोकलेला.

"तुझ्या वडिलांच्या हेल्मेटवर सात नंबर आहे. हा त्यांचा डबा."

"पण ते तर आत गेले."

"म्हणूनच. पूर्वी माणूस डबा घेऊन आत जायचा. आता आत खायला मनाई, म्हणून बाहेर थांबणाऱ्याला देतो. त्यांच्या वाटणीचं तू खा. आणि ते बाहेर यायच्या आधी डबा मला आणून दे. एवढं विसरू नकोस हं."

'रिकामा' हा शब्द म्हातारी बोलली नाही. बोलायचं कारणच नव्हतं. इतक्या वर्षांत तो डबा परत देताना कुणी त्यात काही घातलं नव्हतं, घालेल कोण?

रचना बाहेर बाकावर बसली. डब्यात प्लमचा केक होता, ओलसर आणि चांगला. खाताना तिच्या लक्षात आलं, बोगद्याच्या तोंडातून गार हवा पायांवर येतेय. थोडा वेळ येते, मग थांबते, आणि मग पायांजवळची वाळकी पानं हलकेच बोगद्याच्या दिशेने सरकतात. मग पुन्हा येते. तिने पाय वर घेतले. आतून आवाज असा काहीच येत नव्हता. नऊ माणसं आणि एक बडबड्या गाइड आत असताना काहीच आवाज येऊ नये, हे तिला जरा चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं, दगड जाड असेल.

केक संपला. तिने नळावर डबा धुतला, ओढणीने पुसला. आणि मग जे केलं ते तिने विचार करून केलं नाही. पर्समध्ये प्रवासासाठी घेतलेले शंकरपाळे होते, बाबांसाठी केलेले. त्यातले दोन मुठी तिने डब्यात भरले आणि झाकण लावलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही द्रौपदीबाईंची शिस्त. त्या घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, देवधर्म नाही, भूतखेत नाही, उपासतापास नाही. पण ही एक शिस्त मात्र आईने कधी मोडू दिली नाही.

त्याला कारण होतं. रचना सात वर्षांची असताना वसाहतीतल्या सुपरवायझरच्या बायकोने एकदा वाटीभर खीर पाठवली होती. आईने ती वाटी घासून, बेसनाचे लाडू भरून रचनाच्या हाती परत पाठवली. बाईने हसून घेतली. आणि रचना वळून फाटकापर्यंत पोचते तोच मागच्या मोरीजवळ लाडू टाकल्याचा आवाज आला. बाईने चिमट्याने धरून वाटी उलटी केली होती. घरी येऊन तिने रडत सांगितलं, तेव्हा आई चूल फुंकायची थांबलीसुद्धा नाही. "टाकू दे," म्हणाली. "तिचं भांडं, तिची मोरी. आपण रिकामं द्यायचं नाही."

तर असा तो भरलेला डबा रचनाने काउंटरवर ठेवला आणि हसून थँक यू म्हणाली. मिसेस प्रिचर्डने तो उचलला मात्र, वजन लागताच तिचा हात थबकला. तिने झाकण उघडलं. मग जे झालं ते रचनाने बरोबर ओळखलं, किंवा तिला तसं वाटलं. म्हातारीचा चेहरा उतरला. तिने डबा झटकन खाली ठेवला आणि दोन्ही हात ॲप्रनला पुसले.

"हे... हे तू घातलंस?"

"हो. घरी केलेलं आहे. तुमच्यासाठी."

"परत घे."

"काय?"

"परत घे हे. आत्ता. माझ्यासमोर खा, सगळं खा, ते बाहेर यायच्या आत... प्लीज." म्हातारीने डब्याला हात न लावता चमच्याच्या टोकाने तो रचनाकडे ढकलला.

तो चमचा रचनाने पाहिला आणि तिच्या कानशिलात रक्त चढलं. चार हजार मैल दूर येऊन, पंचवीस वर्षं उलटून, तोच चिमटा.

"आमच्या हातचं चालत नसेल तर तसं सांगा," ती म्हणाली. "मी नाही परत घेणार. तुम्हाला टाकायचं असेल तर टाकून द्या."

"तसं नाही, माझे बाई, तसं नाही! ऐक. डबा रिकामा वर आला म्हणजे माणसाने खाल्लं, माणूस आहे. भरलेला आला म्हणजे..." म्हातारीने बोगद्याकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "या दरीत बायका नवऱ्याची चौकशी करत नसत. डबा बघत. माझ्या पणजीला भरलेला डबा मिळाला होता. आणि तरीही तो त्या संध्याकाळी घरी आला... बोगद्यातून चालत आला, टेबलाशी बसला. फार गोड बोलायचा, ती सांगायची. जन्मात कधी गोड बोलला नव्हता. आणि तिसऱ्या दिवशी..."

पण रचना तिसऱ्या दिवसापर्यंत थांबली नाही. तिला या दंतकथा पाठ होत्या. चिमट्याने वाटी उलटी करणारी बाईसुद्धा विचारलं असतं तर काहीतरी व्रताचं कारण सांगती. ती पाठ फिरवून बाहेर आली. मागून म्हातारी दोनदा काकुळतीने हाक मारत होती, ती तिने ऐकली आणि न ऐकल्यासारखं केलं. आईची पोर म्हणून तिला त्या क्षणी स्वतःचा अभिमान वाटला, हे खोटं कशाला बोला.

सव्वाचारला ह्यूचा दिवा दिसला. मागे माणसं येऊ लागली. हेल्मेट काढत, डोळे बारीक करत, हसत. रचनाने मोजली. आठ.

"माझे वडील?"

ह्यूने मागे पाहिलं. "आत्ता तर माझ्या मागे होते... खालच्या लेव्हलच्या लोखंडी गेटपाशी जरा थांबले होते. काळजी नको, तिथून पुढे जायला वाटच नाही. गेटपलीकडे सगळं पाणी आहे."

तो वळून आत जाणार तोच बोगद्यातून पावलं ऐकू आली. सावकाश, एकसारखी. कडूबा बाहेर आले. त्यांचा दिवा विझलेला होता. गाइड म्हणाला, "नऊ!" आणि सुटकेने हसला. रचनाही हसली.

"बाबा, कुठं राहिला होता?"

"पाहत होतो," ते म्हणाले, आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला.

तिच्या लग्नानंतर त्यांनी तिचा हात धरला नव्हता. तळवा गार होता, ओला होता, पण बोटं घट्ट होती. शेडवरून जाताना रचनाने मुद्दाम मान ताठ ठेवली. काउंटरची फळी खाली पाडलेली होती. फटीतून कुणीतरी बघत असावं. कडूबांनी तिकडे पाहिलं नाही. सकाळपासून त्यांच्या पोटात चहाखेरीज काही नव्हतं म्हणून तिने उरलेले शंकरपाळे पुढे केले. "नको," ते म्हणाले, "भूक नाही."

गाडी निघाली तेव्हा पावणेपाच होत आले होते. सूर्य डोंगरामागे गेला होता आणि दरीत धुकं उतरत होतं. बागांतली सफरचंदं अजून दिसत होती, पण त्यांचा रंग गेला होता. दहा मैल मागे पडले. रचनाला वाटलं, गेला हाही दिवस. सोमवार, मंगळवार, बुधवार, आणि मग एअरपोर्टवर "पोचलो की फोन करतो", आणि मग कधीतरी अजयचा फोन.

"रचू," कडूबा म्हणाले.

तिने ब्रेक लावायचाच बाकी ठेवला. 'रचू' फक्त आई म्हणायची. बाबा 'पोरी' म्हणत, किंवा काहीच म्हणत नसत.

"तुझी आई तुझ्यावर रागावली नव्हती. शेवटच्या दिवशी माझा हात धरून म्हणाली, पोरगी तिकडं अडकली असेल, तिले बोल लावू नका. ती मनानं इथंच बसली आहे, म्हणाली. तुझा फोटो उशाशी होता. त्याच्यावरून हात फिरवला आणि मग डोळे मिटले."

रचनाने गाडी रस्त्याच्या कडेला, गाड्या थांबायच्या जागेत घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि तीन वर्षांचं रडली. घशातून असे आवाज निघत होते की ते आपले आहेत हे तिला ओळखू येईना. कडूबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात गारच होता.

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी कायचा रागावतो? माझी एकच पोरगी. मी केव्हाच माफ केलं."

हेच. हेच ऐकण्यासाठी तिने तिकिटं काढली होती, जाडजूड रजई आणली होती, साडेपाच महिने रोज भाकरी थापली होती. तिला इतकं हलकं वाटलं, की दोन मिनिटं तिने बाकी काही मनात येऊच दिलं नाही. पण मन कुठं ऐकतं? अजयने तेव्हाच सांगितलं होतं. आईच्या घशात पहिल्याच दिवशी नळी घातली होती. बारा दिवसांत ती एक शब्द बोलली नव्हती. डोळेसुद्धा उघडले नव्हते. हे रचनाला तीन वर्षं ठाऊक होतं. बाबा तर त्या पलंगापासून हलले नव्हते, म्हणजे त्यांनाही ठाऊक होतंच.

मग म्हातारा माझ्यासाठी खोटं बोलला, तिने स्वतःला सांगितलं. प्रेमाने बोलला. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"मी मिसेस प्रिचर्ड. बुकिंगवरून नंबर घेतला. फोन ठेवू नकोस, मी हात जोडते." म्हातारी धापा टाकत होती, मागे ह्यूचा आवाज होता. "खालच्या लेव्हलच्या गेटवर कुणीतरी ठोकतंय... पलीकडून. पाण्यातून. मी स्वतः ऐकलं. तीन ठोके, मग थांबतं. मग पुन्हा तीन."

रचनाची बोटं फोनवर आवळली. कोळसा खाणीत कोंडलेला माणूस पाइपावर असाच ठोकतो. खाणीच्या वसाहतीतल्या पोरांना शाळेच्या कवितांआधी हे येतं. पण वेल्सच्या या खाणीत आज फिरायला आलेल्यांपैकी हे कुणाला येणार?

"मघाशी तू पुढचं ऐकून घेतलं नाहीस. तिसऱ्या दिवशी माझ्या पणजोबाला त्या लेव्हलमधून वर काढलं. डॉक्टर म्हणाला, जाऊन एक दिवससुद्धा झाला नाही. म्हणजे दोन दिवस तो खाली जिवंत होता, ठोकत होता... आणि कुणी शोधलं नाही. कारण तो घरी होता ना! टेबलाशी बसून गोड बोलत होता." म्हातारी रडत होती. "फायर ब्रिगेडला बोलावून पाणी उपसायला लावायचं तर कुणीतरी आत राहिलंय असं सांगावं लागेल. आमच्या हिशेबी नऊ गेले, नऊ आले. बाकी सगळ्यांना फोन झाले. फक्त तू राहिलीस. मला एकच सांग. तुझे वडील तुझ्यापाशी आहेत?"

रचनाने डावीकडे पाहिलं. कडूबा समोर बघत होते. चेहरा शांत, थोडा हसरा. असे ते तिला तिच्या सातव्या-आठव्या वर्षानंतर दिसले नव्हते. त्यांनी कोण आहे म्हणून विचारलं नाही. हात तिच्या बाजूला, सीटवर, तळवा वर करून ठेवलेला होता.

नाही म्हटलं, तर गाडी वळवायची होती. तासाभरात पंप येतील, गेट कापतील, आणि आतून निघालाच, तर तो माणूस निघेल, ज्याने तीन वर्षं तिच्याकडे पाहिलं नाही. तो खोकत वर येईल, ब्लँकेटमध्ये बसेल, आणि तिच्याकडे बघणार नाही. गुरुवारी विमानात बसेल.

"हॅलो? ऐकतेस ना? ... ते पुन्हा ठोकतंय."

"हो," रचना म्हणाली. "माझे वडील इथेच आहेत. माझ्या शेजारी बसलेत."

"नक्की?"

"मी माझ्या बापाला ओळखत नाही का?"

मग म्हातारी म्हणाली, "पणजीही हेच म्हणाली होती," आणि फोन बंद झाला.

रचनाने तो नंबर ब्लॉक केला. मग फोनच बंद केला आणि पर्समध्ये तळाशी टाकला. बाहेर आता काळोख पडत होता आणि थंडी वाढली होती. एक ट्रक अंगावर उजेड टाकत गेला, त्या उजेडात गाडीतलं सगळं क्षणभर लख्ख दिसलं.

"आईचं अजून सांगा ना, बाबा," ती म्हणाली.

कडूबा सांगू लागले. आवाज मऊ होता, अगदी जवळचा. रचनाच्या बाजूची काच तिच्या श्वासाने पांढरी झाली होती. त्यांच्या बाजूची काच कोरडी, स्वच्छ होती. तिच्यातून बागेतली झाडं एक एक मोजता आली असती. ती बराच वेळ त्या काचेकडे बघत राहिली. मग तिने ब्लोअर पूर्ण वर केला, दोन्ही काचा सारख्या होईपर्यंत थांबली, आणि गाडी रीडिंगच्या रस्त्याला लावली.